चुन्याखालची अक्षरं

"अकरा द्या. आणि सगळी पिवळीच हवीत," मी दुकानदाराला म्हटलं, तेव्हा शेजारी उभा असलेला माणूस हसला.

मोठ्यानं नाही. हातातली खिळ्यांची पुडी तोलत, खाली बघत, स्वतःशीच. पण नवीपेठेतलं ते हार्डवेअरचं दुकान एवढंसं होतं, की तिथं स्वतःशी हसायला जागा नव्हती.

"काही चुकलं का?" मी विचारलं.

"नाही, नाही..." तो गडबडला. मग त्याला राहवलं नाही. "कशाला हवीत हेल्मेटं? बांधकाम चाललंय?"

"डाळ मिल आहे आमची."

"पन्नास किलोचं पोतं वरून आलं, तर त्या पोत्याला कळणारसुद्धा नाही खाली हेल्मेट होतं म्हणून."

"पोत्यासाठी नाही घेत. सरकारी माणसासाठी घेतेय."

"त्याला घालणार?"

"त्याला दाखवणार. मंगळवारी येतोय बघायला. पिवळं दिसलं की त्या लोकांना बरं वाटतं म्हणे."

"असं कोण म्हणालं?"

"सगळेच म्हणतात."

त्यानं फार गंभीरपणे मान हलवली. मग माझ्या पायाशी ठेवलेल्या दोन गोण्यांकडे बोट केलं. "आणि हा चुना?"

"तोही त्याच्यासाठीच."

"भाग्यवान माणूस," तो म्हणाला, आणि एक गोणी उचलून माझ्या रिक्षात ठेवायला आला. ठेवण्याआधी त्यानं मान वर करून रिक्षाचं छत बघितलं, मग सीट, मग माझे पाय कुठे आहेत ते. असा क्रम मी कुणाचा पाहिला नव्हता. त्याच्या निळ्या बाहीवर चुन्याचा पांढरा पट्टा उमटला होता. सांगावं की नाही... मी सांगितलं नाही. रिक्षा निघाल्यावर उगीच मागे वळून बघितलं, एवढंच.

आमची मिल लहान आहे. एमआयडीसीच्या शेवटच्या गल्लीत एक पत्र्याची शेड, दोन चाळण्या, एक जुनं रोलर मशीन, आणि माझ्यासकट अकरा माणसं. आबा, म्हणजे माझे वडील सुपडू, दुसऱ्यांच्या मिलमध्ये वीस वर्षं पोती वाहून मग या शेडचे मालक झाले. मी धुळ्याला एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात होते. ऑगस्टमध्ये आबा दुपारी जेवून आडवे झाले आणि उठले नाहीत. पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्या दिवशी मी मिलचं कुलूप उघडलं, कारण दाराशी दहा माणसं डबे घेऊन उभी होती.

आणि डिसेंबरात ते पत्र आलं. छोट्या कारखान्यांसाठी 'लघुउद्योग सुरक्षा गौरव' नावाची योजना आहे. आपण होऊन अर्ज करायचा. मग एक सल्लागार येतो, दंड करत नाही, धोके दाखवतो. त्याच्या शिफारशीनंतर दुसरी तपासणी, आणि सगळं नीट असेल तर फाटकावर लावायला पाटी. जुलैत आबांनी स्वतःच्या हातानं अर्ज भरला होता. मला सांगितलंही नव्हतं. प्रमाणपत्रावर अर्जदाराचं नाव येतं, असं पत्रात लिहिलं होतं. हा अर्ज नामंजूर झाला तर पुढचा माझ्या नावानं करावा लागणार होता. आबांचं नाव सरकारी कागदावर छापून यायची ही एकच वेळ होती, पहिली आणि शेवटची.

म्हणून हेल्मेटं. म्हणून चुना.

मंगळवारी दहा वाजता सल्लागार आला. आमचं दार बुटकं आहे. वर एक लोखंडी पट्टी आडवी आहे, नवीन माणूस हमखास आपटतो. हा मात्र दारात थांबला, वर बघितलं, वाकला आणि आत आला. निळा शर्ट. बाही धुतलेली होती, पण पट्टा पुरता गेला नव्हता.

माझ्या हातातलं स्वागताचं गुलाबाचं फूल तसंच राहिलं.

"जय भीम," ऑफिसातल्या बुद्धांच्या तसबिरीकडे बघून तो म्हणाला. "मी प्रशील. सोनगीरचा. ऑफिस धुळ्याला." मग आवाज खाली आणून, "पिवळं दिसलं. बरं वाटलं."

माझे कान तापले. त्याच्या मागे आमची दहा माणसं रांगेत उभी होती, डोक्यावर अकरापैकी दहा हेल्मेटं, आणि त्यातल्या सातांवरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं.

"तुम्ही दुकानात सांगायला हवं होतं," मी पुटपुटले.

"सांगणार होतो. पण मग तुम्ही मला हेल्मेट दाखवलं नसतं."

तो फिरला तेव्हा मी मागे मागे होते. त्याची सवय तीच. आधी वर बघायचं, मग खाली, मग माणसाच्या हातांकडे, आणि सगळ्यात शेवटी चेहऱ्याकडे. शेडच्या पत्र्याला तीन भोकं आहेत, तिथून उन्हाचे तिरपे खांब येतात, आणि तुरीची धूळ त्यात सोन्यासारखी तरंगते. दिवसभरात ती सगळ्यांच्या पापण्यांवर बसते. मला ते लहानपणापासून सुंदर वाटायचं. मी तसं बोलूनही गेले.

"सुंदर आहेच," तो म्हणाला. "पण छातीत जाते."

"तुम्ही सगळ्यावर असंच पाणी ओतता का?"

"नोकरी आहे... तुमच्या पापण्यांवर पण बसलीये." आणि घाईनं वहीत काहीतरी लिहू लागला.

थप्प्यांपाशी तो बराच वेळ थांबला. पोती मोजली. "आठच? बाकीच्या मिलमध्ये पंधरा-सोळांची थप्पी असते. जागा कमी, तरी तुम्ही आठच का लावता?"

"आबांची पद्धत."

"का?"

मला माहीत नव्हतं. जिन्याची तिसरी पायरी निळ्या रंगाची का, हेही त्यानं विचारलं. मोठ्या चाळणीला सायकलची चेन गुंडाळून जाळी का बांधली, बायकांच्या पदरांना मिलमध्ये गाठ का मारलेली, मुख्य स्विच एवढा खाली, लहान मुलाच्या हाताला येईल असा का. प्रत्येक वेळी माझं उत्तर एकच. आबांची पद्धत.

मग मी नोंदवही पुढे केली. नवी कोरी, मीच आखलेली. ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत, घडलेले किंवा टळलेले अपघात : शून्य. शून्य. शून्य.

त्यानं पानं उलटली. पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"चार महिन्यांत काहीच नाही? पाय घसरला, बोट चेपता चेपता राहिलं, पोतं सटकलं... काहीच नाही?"

"नाही."

"मॅडम, राग मानू नका. काहीच घडत नाही अशी जागा मी अजून पाहिलेली नाही. घडतं आणि कुणी सांगत नाही, अशा जागा पुष्कळ पाहिल्यात. त्यांची मला भीती वाटते. या वहीवर मी शिफारस लिहू शकणार नाही."

"म्हणजे कुणी मरायला हवं होतं का इथं?"

आवाज माझा होता, पण इतका चढलेला मी तो कधी ऐकला नव्हता. प्रशीलनं वही मिटली. "नाही," तो हळूच म्हणाला. "तसं नाही. चुकलं माझं बोलणं."

तेवढ्यात बेबाबाई जिन्यावरून पडता पडता राहिली.

बेबाबाई आमची सगळ्यात जुनी बाई. साठी उलटलेली. सूप घेऊन ती वर चढत होती, नवं हेल्मेट डोळ्यांवर घसरलं, आणि पाय तिसऱ्या पायरीऐवजी हवेत पडला. तिनं कठडा धरला. सूप खाली, डाळ चौफेर.

"बची गऊ व माय!" ती ओरडली.

आणि मग जे झालं ते मी विसरणार नाही. तिचा हात कठड्यावरून सुटून आपोआप डाव्या बाजूला गेला, खांबाकडे, काहीतरी वाजवायला. तिथं काही नव्हतं. हात रिकाम्या हवेत फिरला. तरी निंबानं, आमच्या मशीनवाल्यानं, स्विच खाली ओढला. चाळण्या थरथरत थांबल्या. कुणी कुणाला काही न सांगता सगळी माणसं आपापल्या जागेवरून निघाली आणि दक्षिणेच्या भिंतीसमोर येऊन उभी राहिली. बायका पुढे, पुरुष मागे, जशी ती बहुतेक वर्षानुवर्षं उभी राहत आली होती. 

भिंत पांढरीशुभ्र होती. परवाच्या रविवारी मी ती एकटीनं रंगवली होती.

दहाही माणसं त्या पांढऱ्या भिंतीकडे बघत होती.

"हे काय आहे?" प्रशीलनं मला विचारलं.

मी मान खाली घातली. निंबा पुढे आला. त्यानं हेल्मेट काढून काखेत धरलं.

"साहेब, आम्हना आबानी रीत. कोणी मरता मरता, पडता पडता बचना का त्यानं रूळ वाजाडाना. तठे खांबले रुळाचा तुकडा टांगेल व्हता. रूळ वाजना का मिल बंद. बठ्ठासनी आठे येवानं. आबा तीन गोष्टी इचारेत. काय व्हयनं? तुन्हं ध्यान कथा व्हतं? सकाय काय बदलानं? सांगनाराले चहा आनि गूळ-शेंगदाणा. त्याले रागे भरानं नही. हसानं चालस. मंग आबा भिंतवर लिखेत."

कथा म्हणजे कुठे, सकाय म्हणजे उद्या. उद्या काय बदलायचं... निळी पायरी, चेनची जाळी, पदराच्या गाठी.

"आणि आबा गेल्यापासून?" प्रशीलनं विचारलं.

निंबानं माझ्याकडे बघितलं. "ताई, घडनं ना. दोनदा पट्टाम्हा फडकं गयं. मन्हं बोट बी... पन सांगानं कोणले?"

माझी सगळी शून्यं वहीत होती. मी ती मनापासून लिहिली होती.

प्रशील भिंतीजवळ गेला. खाली, कोपऱ्यात, चुन्याचा एक पापुद्रा वळून सुटला होता. त्यानं नखानं तो अलगद उचलला. आत लाल रंगाची एक वेलांटी दिसली.

"ऑइल पेंट," तो म्हणाला. "चुना धरत नाही याच्यावर." मग माझ्याकडे वळला. "कुणी रंगवलं?"

"मी."

मी सगळं सांगून टाकलं. लहानपणापासून दारातून दिसणारी ती भिंत मला लाज आणायची. वेडीवाकडी लाल अक्षरं, अशुद्ध, वरपासून खालपर्यंत. आबा शाळेत चौथीपर्यंत गेलेले. मला वाटायचं, सरकारी माणसानं हे बघितलं तर म्हणेल, इथं रोज अपघात होतात. मी ती कधी वाचलीच नव्हती. ग्रंथालयात पुस्तकाचं पान फाडणाऱ्या पोराला मी एक आख्खं सत्र पुस्तक दिलं नव्हतं. आणि आबांनी आयुष्यात जेवढं लिहिलं तेवढं मी एका रविवारी...

तो ऐकत राहिला. समजूत काढली नाही, दोषही दिला नाही. बाह्या दुमडल्या.

"निंबा भाऊ, दोन बादल्या पाणी. आणि ओलं गोणपाट, जितकं असेल तितकं."

दुपारभर आम्ही भिंत धुतली. सगळ्यांनी. गोणपाट ओलं करून भिंतीवर धरायचं, मिनिटभर थांबायचं, मग वरून खाली, जोर न लावता ओढायचं. चुना दुधासारखा ओघळायचा आणि मागे लाल अक्षरं वर यायची. आधी रेघा, मग मात्रा, मग नावं. शिडीवर प्रशील, खाली मी. तो गोणपाट पिळून खाली द्यायचा, मी भिजवून वर. तीन-चारदा आमची बोटं लागली. चौथ्या वेळी दोघांपैकी कुणीच हात लगेच काढला नाही.

"शिडीवर लक्ष शिडीवर असावं," मी म्हटलं.

"असावं," तो म्हणाला.

अक्षरं यायला लागली तशी माणसं आपली ओळ ओळखू लागली. बेबाबाई दाखवू लागली, "ही मन्ही. अन ही बी मन्ही. अन ही बी... माय व, बठ्ठ्या मन्ह्याच शेतस का?" सगळे हसले. मी वाचत गेले. बावीस वर्षं. 'निंबा. पट्टाम्हा धोतर. ध्यान पोरना लगीनकडे. बची गया. सकायपासून धोतर नही, पँट.' 'बेबाबाई. तिसरी पायरी. अंधारं. बची गई. सकाय पायरीले निळा रंग.' 'पाव्हना. दारनी पट्टी डोकाले लागनी. बची गया.' एकेका ओळीत एक माणूस संध्याकाळी आपल्या घरी चालत गेला होता. ग्रंथालयात मी हजारो पुस्तकं हाताळली. माणसं जिवंत राहिली एवढंच सांगणारं, आणि प्रत्येक ओळीनंतर जग एका बोटाएवढं बदलणारं लिखाण मी पाहिलं नव्हतं. आणि ते माझ्या घरात होतं.

सगळ्यात वरची ओळ प्रशीलनं शेवटी धुतली. तो शिडीवरच थांबला.

"काय आहे?" मी खालून विचारलं.

त्यानं सावकाश वाचलं. "पुना बचना नही. सोळानी थप्पी व्हती. मी शेजारे व्हतू. आठेपासून आठनी."

पुना काका. आबांच्या बरोबरीचा हमाल, दुसऱ्या मिलमधला. मला फक्त नाव माहीत होतं. आबा त्याच्याबद्दल बोलत नसत. त्यांनी स्वतःची शेड घेतली त्या दिवशी सगळ्यात आधी हे लिहिलं होतं, की इथून पुढे थप्पी आठचीच, आणि मग बावीस वर्षं त्या ओळीखाली दुसरी तशी ओळ येऊ दिली नव्हती.

निंबानं डोळे पुसले.

ऊन उतरलं तेव्हा मी खालच्या उजव्या कोपऱ्यावर बसले होते. तिथं स्विचजवळची एक ओळ निघाली. अक्षरं इतरांपेक्षा घट्ट दाबलेली, ब्रश टेकवून टेकवून लिहिलेली.

'संघू. नऊ वरीस. शाळाम्हाईन वनी, चाळणीम्हा हात घाला. बची गई. ध्यान कथा व्हतं — मन्हं. बापनं. सकाय स्विच खाले. सकायपासून पोर मिलम्हा नही. तिले पुस्तकं लई देवाना.'

संघू म्हणजे मी. संघमित्रा.

शाळेतून येऊन चाळणीत हात घातला, तो दिवस मला आठवत नाही. आठवतो तो त्यानंतरचा. दप्तर घेऊन मी मिलच्या दाराशी आले आणि आबांनी मला आत घेतलं नाही. "घरी जाय," एवढंच. त्यानंतर कधीच नाही. मी वीस वर्षं समजत होते, की आबांना त्यांच्या जगात मी नको होते. त्याच आठवड्यात त्यांनी मला पहिलं गोष्टीचं पुस्तक आणून दिलं. मग दर शनिवारी एक. मला वाटायचं, ते माझी समजूत घालतायत. मी वाचत सुटले, धुळ्याला गेले, ग्रंथपाल झाले. माझं सगळं आयुष्य त्या एका 'सकाय'मधून निघालं होतं, आणि ते मी माझ्या हातानं चुन्यानं झाकलं होतं.

मी रडले नाही. ऑगस्टपासून रडले नव्हते. नुसती भिंतीला तळहात लावून बसून राहिले. शेजारी प्रशील येऊन उकिडवा बसला. एक हात अंतर ठेवून. त्याच्या पापण्या पिवळ्या झाल्या होत्या, त्यावर चुन्याचे पांढरे ठिपके.

"मला कुणी इतकं..." तो बोलता बोलता थांबला. मग म्हणाला, "सात वर्षं हेच काम करतोय. मोठमोठ्या कंपन्यांचे तक्ते बघितले. या भिंतीसारखं काही नाही बघितलं."

"मग शिफारस लिहाल?"

"नाही."

मी वळून बघितलं.

"लिहू शकत नाही. हा अर्ज आता माझ्याकडे राहणं बरोबर नाही. सल्लागार तटस्थ असावा लागतो."

"आणि तुम्ही नाहीत?"

"साडेदहापर्यंत होतो..." तो गोणपाट पिळत राहिला, कोरडं झालं होतं तरी. "उद्या लेखी कळवतो ऑफिसला. हेमांगी मॅडम येतील. कडक आहेत. तुमची हेल्मेटं बघून खूश होणार नाहीत. आणि अर्जाचा निकाल लागेपर्यंत मी तुम्हाला फोन करणार नाही. केला तर तुमच्या आबांच्या पाटीवर कुणीतरी बोट ठेवेल."

"निकालाला किती दिवस लागतात?"

"तीन महिने. कधी चार."

"बरंय," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार...

हेमांगी मॅडम जानेवारीत आल्या. खरंच कडक. चार तास फिरल्या, चहाही घेतला नाही. सहा उणिवा लिहून दिल्या, धुळीची पहिली. भिंतीसमोर मात्र चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत उभ्यानं वाचली.

आम्ही कामाला लागलो. धूळ ओढायचा पंखा बसवला. हेल्मेटं दुकानदाराला परत केली, मास्क आणले. मी भंगार समजून काढायला लावलेला रुळाचा तुकडा निंबानं पोत्यांमागे लपवून ठेवला होता, तो त्यानं पुन्हा खांबाला टांगला. तो वाजायलाही लागला. माणसं यायची, सांगायची, हसायची, गूळ-शेंगदाणे खायची. फक्त भिंतीवर मी लिहीत नव्हते. वहीत लिहायचे. आबांच्या अक्षराखाली माझं अक्षर... हात उचलत नव्हता.

"भिंत वाट देखी रायनी," बेबाबाई टोमणा मारायची. "अन पोर दार देखी रायनी."

"मी हवा येते का बघते, बेबाबाई."

"हाव ना. सोनगीरनी हवा."

धुळ्याच्या ऑफिसातून कागद यायचे. जावक क्रमांक, संदर्भ, विषय. मी पाकिटं उलटून बघायचे, की पत्ता कुणाच्या हातचा आहे. छापलेला असायचा.

मार्चच्या शेवटी निकालाचं पत्र आलं. 'अर्जदार कै. सुपडू यांच्या अर्जास अनुसरून लघुउद्योग सुरक्षा गौरव मंजूर करण्यात येत आहे.' खाली तीन अटी. तिसरी मी निंबाला दोनदा वाचून दाखवली. 'दक्षिणेकडील भिंत रंगवू नये. ती नोंद म्हणून जतन करावी व पुढे चालू ठेवावी.' सरकारी भाषेत इतकं सुंदर वाक्य असू शकतं, हे मला कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

पत्र सोमवारी आलं. मंगळवारी दहा वाजता मी चाळणीपाशी उभी होते. पंखा लागल्यापासून धूळ कमी झाली होती, तरी उन्हाच्या खांबात थोडी होतीच. मी डोक्यावरचा रुमाल सोडून झटकत होते. दाराकडे पाठ होती.

"ठण्ण!"

आधी वाटलं, रूळ वाजला. पण आवाज दाराकडून आला होता. मी वळले.

प्रशील दारात कपाळ धरून उभा होता. निळा शर्ट. डोळ्यांत पाणी. पहिल्या दिवशी वर बघून वाकलेला माणूस, आणि वरची लोखंडी पट्टी अजून थरथरत होती.

निंबानं स्विच खाली ओढला.

"नाही, नाही, काही नाही," प्रशील हात हलवत म्हणाला. "मी सहज आलो होतो. अर्ज संपला म्हणून... चालू द्या."

"वाजाडा," बेबाबाईनं रुळाकडे बोट केलं.

"अहो, मी इथला..."

"भाऊ, रीत ती रीत. बचना ना तू? वाजाड."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी काही मदत केली नाही. त्यानं खांबाशी ठेवलेला लोखंडी बोल्ट उचलला आणि रुळावर मारला. सगळे भिंतीसमोर आले. बायका पुढे, पुरुष मागे. प्रशील मध्ये उभा राहिला, कपाळावर लालभडक टेंगूळ, शाळेत उभं केलेल्या पोरासारखा.

"काय व्हयनं?" निंबानं विचारलं.

"पट्टी लागली. डोक्याला."

"तुन्हं ध्यान कथा व्हतं?" बेबाबाईनं विचारलं, आणि पदर तोंडाला लावला.

तो जमिनीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "इथं खरंच सांगावं लागतं ना?"

"आठे खोटं चालस नही."

"यांच्याकडे," तो म्हणाला. बोट दाखवलं नाही. दाखवायची गरजही नव्हती. "तीन महिने अकरा दिवस यांच्याकडेच आहे. दारातून रुमाल झटकताना दिसल्या, आणि... मग पट्टी लागली."

बायका हसल्या. हसानं चालस, असं आबांनीच ठरवून ठेवलं होतं. मी हसले नाही. ऑगस्टपासून जे साठलं होतं ते डोळ्यांवाटे निघालं. मी ते पुसलं नाही.

तिसरा प्रश्न राहिला होता. तो विचारणारं माणूस नव्हतं. सगळे माझ्याकडे बघू लागले.

"सकाय..." मी म्हटलं. "सकाय काय बदलानं?"

प्रशीलनं मान वर केली. यावेळी वर, खाली, हात असं काही नाही. सरळ माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. "ते मी एकट्यानं कसं सांगू?"

ऑफिसच्या कपाटात आबांचा डबा होता. लाल रंगावर जाड साय धरली होती. मी काडीनं ती फोडली. खाली रंग ओला होता, लकाकत होता, जणू आबांनी कालच झाकण लावलं असावं. ब्रश कडक झालेला. निंबानं तो रॉकेलमध्ये बुडवून, बोटांनी चोळून मऊ करून दिला. मी स्विचजवळ, माझ्या ओळीखाली बसले. शेवटी हात उचलला.

माझं अक्षर चांगलं आहे. बावीस वर्षांच्या त्या वेड्यावाकड्या लाल ओळींखाली ते फार सरळ, फार पुस्तकी दिसायला लागलं. मी भाषा मात्र आबांचीच ठेवली.

'प्रशील. सोनगीर. दारनी पट्टी. बची गया. ध्यान कथा व्हतं —' इथं मी थांबले. मग लिहिलं, 'संघूकडे.'

मागे कुणीतरी श्वास रोखून धरला होता. बहुतेक त्यानंच.

'सकाय पट्टी एक वीत वर. सकायपासून पाव्हना नही.'